डावीकडे आपण, उजवीकडे जपान

आमच्या घरात जपानचं नाव दिवसातून किमान तीनदा निघायचं. एसटी उशिरा आली की एकदा, लाईट गेली की एकदा आणि वरणात मीठ जास्त पडलं की तिसऱ्यांदा. बाबा हातातलं काम थांबवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "जपानमध्ये असं नसतं." खारट वरणाच्या बाबतीत जपानमध्ये नेमकं काय असतं, हे आईनं एकदा विचारलं होतं. बाबांनी ताक मागून घेतलं.

बाबा आमच्या हट्टा गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. गावात त्यांना समोर 'गुरुजी' म्हणत आणि पाठीमागे 'जपान गुरुजी'. त्यांनी जपान पाहिला नव्हता हे सांगायला नको. समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. नांदेडच्या पुलावरून गोदावरी पाहिली होती, तेवढंच काय ते मोठं पाणी. पण टोकियोहून ओसाकाला जाणारी गाडी वाटेत कुठं कुठं थांबते हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि हट्ट्याहून वसमतला जाणारी गाडी कधी सुटते हे मात्र आईला विचारावं लागायचं.

त्यांचं एक लांब रजिस्टर होतं. शाळेच्या जुन्या हजेरीपटांतली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून केलेलं. प्रत्येक पानावर मधोमध लाल शाईची रेघ. डावीकडे 'आपण', उजवीकडे 'जपान'. पेपरात, रेडिओवर, दिवाळीत मिळणाऱ्या डायरीच्या मागच्या पानांवर जे सापडेल ते त्यात उतरवलेलं. जमीन किती, माणसं किती, एकरी भात किती, पोलाद किती, माणूस साधारण किती वर्षं जगतो, किती घरांत फ्रीज आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी शेरा: 'ते पुढे'. क्वचित कुठं तरी 'आपण पुढे'. आणि खाली सही, उत्तरपत्रिका तपासल्यावर करतात तशी. लहानपणी मला वाटायचं, हे दोन देश बाबांच्या वर्गातच आहेत आणि त्यातला एक दरवर्षी नापास होतो.

काही ओळी त्यात पेन्सिलीनं होत्या. आपल्या देशानं अणुचाचणी केली तेव्हा गावात पेढे वाटले गेले. बाबांनी पेढा खाल्ला, घरी आले, रजिस्टर उघडलं आणि बसून राहिले. बॉम्ब झेललेला देश रेघेच्या एका बाजूला आणि बॉम्ब केलेला दुसऱ्या बाजूला. 'आपण पुढे' लिहायला हात उचलेना, 'ते पुढे' लिहिणं तर त्याहून वाईट. शेवटी त्यांनी पेन्सिलीनं 'अणुबॉम्ब' एवढाच शब्द लिहिला आणि शेरा कोरा सोडला.

इतके देश असताना जपानच का, असं कुणी विचारलं की बाबांची दोन उत्तरं ठरलेली होती. एक, बेचिराख होऊन पुन्हा उभा राहिलेला देश. दोन, तो बुद्धाला मानणारा देश आणि आपणही बुद्धाला मानणारे. तिसरं उत्तर त्यांनी मला एकटीलाच दिलं. मी सातवी-आठवीत असेन. त्यांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून शाळेत जाताना मी सहज विचारलं, तर म्हणाले, "तिथं चहाचा कप एकच असतो." ते लहान असताना हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर कोनाड्यात ठेवलेले असत. आपला कप आपण घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आणि धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. बाबांनी तसा चहा किती वर्षं प्यायला होता ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून जपानचं नाव निघालं की मी हसायची बंद झाले. आई मात्र हसत राहिली, कारण तिला मीठ-वरणाचा राग होता.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सुमारास आमच्या वस्तीतला बुद्धविहार बांधून पूर्ण झाला. पिठाची गिरणी चालवणारे एक काका विहार समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी कुठं कुठं पत्रं लिहिली आणि एक दिवस उत्तर आलं: मूर्ती जपानहून येईल, आणि मूर्तीबरोबर तिथला एक म्हातारा पाहुणाही येईल. पाहुणा अजिंठा-वेरूळ बघून जिंतूर, औंढा, जवळा बाजार अशा रस्त्यानं आमच्याकडे येणार होता. बाबांना हे कळलं तेव्हा ते अंगणात दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते गिरणीवर गेले.

समितीची बैठक आमच्याच ओसरीवर झाली. गिरणीवाले काका म्हणाले, "पत्रिकेवर दहा टाकू. बारापोतर जमतील लोकं."

बाबा भडकले. "पाहुणा दहाला येऊन बसंल आन् समोर रिकाम्या सतरंज्या? घड्याळाच्या देशातून येऊन राहिला त्यो!"

"गुरुजी, जपान तुमच्या वहीत. हे हट्टा हाय."

"मंग माझाबी शब्द लिहून घ्या. दहाला गाव बसलेलं दिसलं न्हाई, तर जन्मात जपानचं नाव घेणार न्हाई मी."

काकांनी ओसरीवरच्या सगळ्यांना साक्षीला धरलं. आई आतून पोहे घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "व्हय का? मंग मी आपली अकरालाच निघते घरून." सगळे खो खो हसले. बाबाही हसले, पण पोह्यांना हात लावला नाही.

मला खरंच भीती वाटली. बाबा शब्दाचे पक्के होते. आमच्या गावात दहाला कोणी येत नसतं, हे मला कळत होतं तसं त्यांनाही कळत होतं. आणि जपान काढून घेतला तर या माणसाकडे उरतं काय? दर महिन्याचा पगार, एक सायकल आणि कोनाड्यातल्या कपाची आठवण. माझा बाप ताठ मानेनं चालायचा तो त्या उजव्या बाजूच्या जोरावर. ती बाजूच कोरी झाली असती.

पत्रिकेचा मजकूर माझ्या अक्षरात होता, म्हणून वसमतच्या छापखान्यात बाबांनी मलाही बरोबर नेलं. कच्चा कागद हातात आल्यावर त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि 'सकाळी १०' मधला दहा खोडून तिथं आठ केला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दोन तास आपल्या लोकांचे. आठ लिवलं की दहाला येतात. कुणापाशी बोलायचं न्हाई." म्हणजे घड्याळ पाळायचं म्हणून बाबांनी घड्याळालाच फसवलं होतं. मला ती युक्ती इतकी आवडली की परतीच्या एसटीत मी त्यांना स्वतःहून शेंगदाणे घेऊन दिले.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस होते, नुकतंच सोयाबीन निघालं होतं. आई पहाटेच स्वयंपाकाच्या कामाला विहाराकडे गेली होती. घरी मी आणि बाबा. बाबा अगदी आरामात होते. सावकाश आंघोळ केली, पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली, रजिस्टर काखेत घेतलं. आम्ही निघालो तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते. वाटेत ते म्हणाले, "आता कुठं चार-दोन माणसं आली असतील. दहापोतर भरंल सगळं."

विहाराच्या कोपऱ्यावर वळलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो. मांडव गच्च भरला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगा, त्यामागे पुरुष, कडेला जवळच्या तांड्यावरून ट्रॅक्टरमध्ये बसून आलेली वीसेक माणसं. सगळ्या माना एकदम आमच्याकडे वळल्या. गिरणीवाले काका उठून उभे राहिले, मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, साडेनऊ झाले. गाव आठपासून बसून हाय."

आणि बायकांच्या रांगेतून आवाज आला, "जपानमध्ये असं नसतं, गुरुजी!"

मांडव असा हसला की बांधलेल्या पताका हलल्या असं मला वाटलं. तोंडाला पदर लावून सगळ्यात जास्त हसत होती ती माझी आई. बाबांचे कान लाल झाले. आयुष्यभर वेळेचे धडे देणारा माणूस अख्ख्या गावात शेवटी पोचला होता, आणि तेसुद्धा स्वतःच्याच हुशारीनं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पैज बाबांनी जिंकली होती.

गाव वेळेवर कसं आलं ते मला पुढं गिरणीवाल्या काकूंनी सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी आई घरोघर फिरली होती. प्रत्येक उंबऱ्यावर एकच बोलली होती, "उद्या आठ म्हंजे आठ. आमच्या गुरुजींची मान खाली घालू नका." अकराला निघणारी बाई ती. घरी तिनं यातला एक शब्दही सांगितला नाही.

दहा वाजले. पाहुणे आले नाहीत. साडेदहा झाले, अकरा झाले. लेकरं किरकिरायला लागली. स्वयंपाकाच्या बायका भात कधी टाकायचा म्हणून विचारून विचारून कंटाळल्या. ऊन मांडवात शिरलं. मागच्या रांगेतले दोघं-तिघं उठून टोप्या झटकायला लागले तसे बाबा अस्वस्थ झाले. तीन तास बसलेलं गाव उठून गेलं आणि नेमका तेव्हा पाहुणा आला तर? ते तडक स्टेजवर गेले, माईक हातात घेतला आणि रजिस्टर उघडलं.

"पाहुणे येईपोतर आपण दोन देशांची तुलना करू," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. जपान केवढासा, आपण केवढे. त्यांच्या जमिनीत लोखंड नाही, तेल नाही, कोळसा नावाला. सगळं बोटीतून आणतात, त्याच्या मोटारी करतात आणि जगाला विकतात. पोलाद, ते पुढे. रेल्वे, ते पुढे. कारखाने, ते पुढे. आयुष्य, ते पुढे. दहाव्या 'ते पुढे'ला पहिल्या रांगेतली एक म्हातारी न राहवून बोलली, "आरं गुरुजी, आपल्या बाजूला कायीच न्हाई का?"

"हाय की," बाबा म्हणाले, "लोकसंख्या."

पुन्हा हशा. पण त्या म्हातारीच्या प्रश्नानं लोकांना जोर आला. तांड्यावरचे एक आजोबा उठले. बाबांचे जुने मित्र, हाडाचे शेतकरी. ते म्हणाले, "गुरुजी, आमचे पणजे-खापरपणजे बैलाच्या पाठीवर मीठ न् दाणा घालून फौजांच्या मागं फिरायचे. फौज कितीबी मोठी असू द्या, तिसऱ्या दिवशी ती दाण्याच्या गोणीकडंच बघती. तुमचा जपान तेल आणतो बोटीतून, कोळसा आणतो बोटीतून. खायचा दाणा?"

"तोबी पुष्कळसा बाहेरूनच."

"मंग कोणी बोटी अडवल्या तर?"

इतकी वर्षं बाबा ओळी लिहीत होते, पण हा प्रश्न त्यांच्या रेघेच्या कुठल्याच बाजूला नव्हता. त्यांनी तिथं उभ्या उभ्या पेन काढून लिहिलं आणि माईकवर वाचलं, "दाणा घरचा. आपण पुढे." मांडवात टाळ्या पडल्या.

मग झुंबड उडाली. एकानं ज्वारी लिहायला लावली, एकानं कापूस. कोणीतरी "संविधान लिवा" म्हणालं आणि सगळा मांडव टाळ्या वाजवत उभा राहिला, बाबांनी कपाळावर हात मारून घेतला, म्हणाले, "हे तर पहिल्या पानावर पायजे व्हतं." गावातल्या नर्सबाई मात्र टाळ्या थांबल्यावर शांतपणे म्हणाल्या, "दाणा घरचा हाय, तर मंग आपलं माणूस त्यांच्याइतकं जगत काहून न्हाई? बाळंतपणाच्या बायका मी बैलगाडीतून वसमतला नेऊन राहिले. त्यांच्या बाजूला दवाखाना लिवा." बाबांनी तेही लिहिलं, आणि शेरा मोठ्यानं वाचला नाही. सगळ्यात शेवटी आईचा आवाज आला, "डावीकडं वाट पाहणं लिवा. आपल्यावाणी वाट पाहायला येत न्हाई कोणाला." बायका हसल्या. बाबा म्हणाले, "ती ताकद न्हाई, ती खोड हाय. ते लिवणार न्हाई मी."

"नका लिवू," आई म्हणाली, "पण बसलोत आमी अजून."

पाहुण्यांच्या दोन जीपगाड्या आल्या तेव्हा एक वाजायला आला होता. त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांना समितीनं दहाच कळवलं होतं, आणि त्यांनी आपल्या अनुभवानं हिशेब केला होता: दहा म्हणजे बारा. म्हणून त्यांनी वाटेत निवांत नाष्टा केला, आणि जवळा बाजारात आठवडी बाजार भरलेला पाहून पाहुण्याला तासभर हिंडवलं. म्हातारा लहानखुरा होता, अंगात तपकिरी कोट. हयात रेल्वेत काढलेला माणूस, असं त्याच्याबरोबरच्या नागपूरकडच्या तरुण भंतेंनी सांगितलं. त्यांना जपानी येत होतं. भरलेला मांडव पाहून पाहुण्यानं भंतेंना काहीतरी विचारलं. ही माणसं आठपासून बसलीत हे ऐकल्यावर त्याचा चेहराच उतरला. तो स्टेजवर चढला नाही. खालीच, पहिल्या रांगेसमोर उभा राहून कमरेत वाकला आणि तसाच राहिला. किती तरी वेळ.

आमच्या वस्तीत पुढारी चार-चार तास उशिरा येऊन गेले होते आणि आल्याबद्दल आम्हीच त्यांना हार घातले होते. उशीर झाला म्हणून आमच्यापुढे मान झुकवणारा माणूस आम्ही पहिल्यांदा पाहिला. बाबांनी चष्मा काढून शर्टानं पुसला. मला त्यांच्याकडे बघवेना.

मूर्ती बसली, वंदना झाली, पंगती बसल्या. बाबांचं पान पाहुण्याशेजारी होतं आणि वाढायला मी होते, म्हणून पुढचं सगळं मी कानानं ऐकलं. बाबांनी भंतेंना सांगितलं की मला एकच विचारायचंय. मग वीस वर्षं जपून ठेवलेला प्रश्न त्यांनी विचारला, "तुमच्याकडं जात न्हाई ना?" प्रश्न असा की उत्तर आधीच ठरलेलं.

भंतेंनी विचारलं. म्हाताऱ्यानं हातातला घास पानात ठेवला. मग तो हळूहळू बोलत राहिला. भंते ऐकता ऐकता अवघडले. "गुरुजी, ते म्हणतात..." असं म्हणून थांबले, मग पुढं सांगितलं. तिथंही चामड्याचं काम करणारे, जनावरं कापणारे लोक वेगळ्या वस्तीत ठेवले जायचे. कायद्यानं ते केव्हाच बंद झालं. पण लग्न जमवताना, कामावर घेताना अजून कोणी कोणी हळूच चौकशी करतात. माणूस दिसायला सारखाच, म्हणून राहायची जागा विचारतात, जागेवरून कळतं. यांची आई तसल्या वस्तीतली. रेल्वेत सबंध नोकरी झाली, पण यांनी हे कोणाला सांगितलं नाही.

"मंग मला काहून सांगितलं?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

भंतेंनी विचारून सांगितलं, "म्हणतात, इथं सांगता येईल असं वाटलं."

बाबांनी त्या म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मग जेवण संपवलं. दोघांच्याही पानात मी दुसऱ्यांदा बुंदी वाढली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

त्यानंतर आमच्या घरातून जपान गेला. शब्द पाळायचा म्हणून नाही. पैज तर बाबांनी जिंकली होती. पण एसटी उशिरा आली तरी ते काही म्हणत नसत. लाईट गेली की गुपचूप कंदील लावत. आईनं आठवडाभर वाट पाहिली आणि मग एक दिवस मुद्दाम वरणात मूठभर मीठ जास्त घातलं. बाबा ते वरण मुकाट जेवले. आई मागच्या दारी जाऊन बसली. "ताप तर न्हाई ना ह्यांना?" असं तिनं मला तीनदा विचारलं. हळूहळू बाबा पहिल्यासारखे हसायला-बोलायला लागले, घरात पुन्हा बरं वाटायला लागलं, पण ते वाक्य काही परत आलं नाही आणि रजिस्टर पेटीत गेलं.

चार-पाच वर्षांनी हिंगोलीला एका कचेरीत मला नोकरी लागली. आमच्या घरात तो सणच होता. खोली शोधायला मी एकटी गेले. एक खोली छान मिळाली: मागच्या अंगणात, स्वतंत्र नळ, खिडकीत लिंबाचं झाड. घरमालक वयस्कर, सभ्य गृहस्थ. बोलणं बहुतेक ठरलं होतं. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग हट्ट्यात कुठल्या बाजूला राहता ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे, विसरलोच बघा. त्या खोलीत आमचे पाहुणे येणार हायेत."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई पोळ्या करत होती. तिनं लाटणं थांबवून बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. या जागेवर कोणतं वाक्य येतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. बाबा म्हणाले, "तिथंबी असतं." पुढं म्हणाले, "मंग तिथले लोक त्यावर काय करून राहिलेत, ते मी त्या म्हाताऱ्याला इचारलंच न्हाई. राहून गेलं. उद्या पहिल्या गाडीनं जाऊ."

सकाळी आठला आम्ही त्या घरापुढे होतो. बाबांनी अदबीनं नमस्कार केला. "पाहुणे यायचेत म्हणाले तुमी. आमी त्यांची वाट बघतो. आले तर आमी जाऊ, न्हाई आले तर लेकीचं सामान आणू." आणि ते ओट्यावर मांडी घालून बसले. घरमालक बसू नका तरी कसं म्हणणार, इतका स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला, हसऱ्या तोंडाचा मास्तर.

बाबांनी तीस वर्षं शिकवलेली पोरं जिल्हाभर पसरली होती, हे घरमालकाला माहीत नव्हतं. नवाच्या सुमारास एक जीपवाला थांबला. "गुरुजी, इथं काहून बसले?" बाबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "ह्यांचे पाहुणे येणार हायेत. त्यांची वाट बघून राहिलो." मग एक पोस्टमन. मग बँकेत निघालेला एक जण, तो तर पाया पडून शेजारी बसलाच. प्रत्येकाला तेच उत्तर, जराही आवाज न चढवता. शेजारच्या खिडक्यांतून माणसं डोकावायला लागली. मला आधी लाज वाटत होती. अकरापर्यंत मला इतकी मजा वाटायला लागली की मी तोंडावर रुमाल धरून बसले.

साडेबाराला मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये चहाचे चार कप, चारही सारखे, निळ्या फुलांचे. एक बाबांना, एक मला, एक त्या बँकवाल्याला, एक त्यांनी स्वतः घेतला आणि आमच्याजवळ ओट्यावरच टेकल्या. आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "पाहुणे काय आज यायचे न्हाईत. द्या त्या पोरीला किल्ली." बाबांनी कप दोन्ही हातांत धरला होता. चहा निवून गेला तरी ते घोट घोट पीत होते.

त्या खोलीत मी पुढं तीन वर्षं राहिले. घरमालकांचा सूर बदलायला सहा महिने लागले, पण बदलला. नंतर तर ते पेपर वाचून झाला की माझ्या खिडकीत आणून ठेवायचे.

पहिल्या पगाराच्या आठवड्यात मी हट्ट्याला गेले, तेव्हा पेटीतलं रजिस्टर कोनाड्यात दिसलं. बाबा बाहेर गेले होते. आईनं हात पुसले, शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि डाव्या बाजूच्या ओळीवर बोट ठेवलं. पेनानं लिहिलं होतं, 'वाट पाहणं'. पुढं शेरा, 'आपण पुढे'. खाली सही.

मी वाचून मान वर केली. आई रजिस्टर मिटत म्हणाली, "एवढी एक ओळ लिवायला पाच वर्षं लावली तुझ्या बाबानं. जपानमध्ये असं नसतं."